बटण खाली राहिलं: मोबाइल ॲपमधल्या स्क्रोलचा आढावा

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठ्याच्या दप्तरातली पीकनोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. हंगाम, पिकाचा वर्ग, निर्भेळ की मिश्र पीक, क्षेत्र, जलसिंचनाचं साधन, लागवडीची तारीख, वर फोटो. कोकणातल्या राजापूर तालुक्यात हे सगळं बांधावर नाहीतर कातळावर उभं राहून भरायचं, आणि खरिपात तर पाऊस अंगावर घेत. पुढे २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज ‘नारीशक्ती दूत’ ॲपवरून भरले गेले. फोनवर फॉर्म भरणं आता कोकणात कुणाला नवं राहिलेलं नाही. आणि फॉर्म म्हटला की ‘सगळं भरलं, पण खालचं बटणच दिसत नाही’ ही तक्रार कुठून ना कुठून येतेच. सरकारी ॲप असो, बँकेचं असो की शाळेच्या फीचं.

अशा वेळी नेटवर्कला शिव्या घालायची आपल्याला सवय आहे. पण बऱ्याचदा नेटवर्क बिचारं निर्दोष असतं आणि चूक असते उंचीची. फोनचा पडदा ठरलेल्या उंचीचा, मजकूर त्याहून लांब, म्हणून तो वरखाली सरकवायचा, म्हणजे स्क्रोल करायचा. इथवर सोपं आहे. मात्र सरकणाऱ्या भागाची उंची किती, त्याच्या पोटातल्या गोष्टींची किती आणि ती ठरवायची कुणी, यावर ॲप लिहिणारे स्मार्टफोन आल्यापासून डोकं फोडत आलेत. या प्रश्नाला आजवर कोणकोणती उत्तरं मिळाली आणि मराठी पडद्याला त्यातलं कुठलं मानवतं, ते इथे पाहू.

आधी हिशेब मांडू. आज स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ फोनचा पडदा ७२० बाय १६०० पिक्सेलचा असतो. अँड्रॉइडवर मापं पिक्सेलमध्ये घेत नाहीत, डीपीमध्ये घेतात. एक डीपी म्हणजे ढोबळमानाने इंचाचा १६०वा भाग. त्या मापाने हा फोन ३६० बाय ८०० डीपीचा. यातले वर घड्याळ-बॅटरीच्या पट्टीला २४ गेले, ॲपच्या नावाच्या पट्टीला ५६, खालच्या तीन बटणांना ४८. उरले ६७२. आता नऊ रकान्यांचा फॉर्म घ्या. प्रत्येक रकाना ५६ डीपी, दोन रकान्यांत १६चं अंतर, वर १६चा समास. नववा रकाना ६४८वर संपतो. पुन्हा १६ सोडून ६६४वर ‘सादर करा’चं बटण सुरू होतं आणि ६७२वर पडदा संपतो. बटणाची जी कड दिसते ती ८ डीपीची, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटरची. ती लोकांना सजावटीची निळी रेघ वाटते.

हाच फॉर्म घरातल्या जुन्या, ३६० बाय ६४० डीपीच्या फोनवर उघडा. तिथे मोकळी जागा ५१२. सातवा रकाना ५०४वर संपतो, आठवा ५२०वर सुरू होतो. म्हणजे सात रकाने अगदी नीटनेटके मावतात, खाली बारीकशी मोकळी जागा राहते आणि फॉर्म संपल्यासारखा दिसतो. खोटा तळच हा. बाजूची स्क्रोलची पट्टी मोबाइलवर आपोआप लपते, आणि न लपली तरी एप्रिलच्या उन्हात कातळावर ती करडी रेघ कुणाला दिसणार? यावर अनुभवी डिझायनरचा उपाय असा, की एखादा रकाना मुद्दाम अर्धा कापलेला दिसू द्यायचा. खाली अजून काही आहे हे सांगणारी त्याहून स्वस्त खूण अजून कुणाला सापडलेली नाही. अडचण एवढीच, की एका फोनवर अर्धा कापलेला रकाना दुसऱ्या फोनवर बरोबर कडेला येऊन बसतो. आकडे जुळवून हे कायमचं सुटत नाही.

आकडे जुळवायची ही सवय लागली तीही समजण्यासारखी आहे. २००७चा पहिला आयफोन ३२० बाय ४८०चा होता आणि पुढे पाच वर्षं ॲप लिहिणाऱ्याला दुसरी उंची विचारात घ्यावीच लागली नाही. धारदार पडदा २०१० मध्ये आला, पण हिशेबाचे आकडे तेच राहिले. २०१२ मध्ये आयफोन ५ आला, उंची ५६८ झाली आणि ठोकलेल्या आकड्यांवर उभी असलेली ॲप वर-खाली काळ्या पट्ट्या लावून दिसू लागली. त्याच वर्षी ॲपलने आयफोनवर ‘ऑटो लेआउट’ आणलं: आकडे देऊ नका, नाती सांगा, हे त्याच्या खाली, ते याच्याएवढं रुंद. अँड्रॉइडला ही चैन सुरुवातीपासूनच नव्हती. शंभर कंपन्यांचे शंभर पडदे असल्यामुळे तिथे ‘पॅरेंटएवढा हो’ (पॅरेंट म्हणजे बाहेरची चौकट) आणि ‘मजकुराएवढा हो’ अशी दोन उत्तरं आधीपासूनच होती. पहिल्याचं नाव आधी ‘फिल पॅरेंट’ होतं, ते २०१० मध्ये ‘मॅच पॅरेंट’ झालं. दुसरं ‘रॅप कंटेंट’.

नेहमीच्या लेआउटमध्ये व्यवहार सरळ असतो. पॅरेंट सांगतो, तुला जास्तीत जास्त एवढी जागा. चाइल्ड, म्हणजे त्याच्या आतला घटक, सांगतो, मला इतकी पुरे. मग पॅरेंट त्याला जागेवर बसवतो. स्क्रोल आला की हा व्यवहार बिघडतो. सरकणारा भाग आपल्या पोटातल्या चाइल्डला म्हणतो, हवी तेवढी उंची घे, मर्यादा नाही. जुन्या पद्धतीच्या गुंडाळीच्या जन्मपत्रिकेसारखं हे प्रकरण आहे: दोन हातांत उघडलेला भाग तेवढाच, कागद मात्र हवा तितका लांब. इथे खिडकीची उंची आणि कागदाची उंची असे दोन वेगळे आकडे होतात. आता ज्या चाइल्डचं उत्तर ‘असेल तेवढी सगळी जागा मला’ असं ठरलेलं असतं, त्याने काय करायचं? सगळी म्हणजे किती, तर अनंत. स्क्रोलमधल्या निम्म्याहून अधिक भानगडी या एका प्रश्नातून निघतात. वेगवेगळ्या साधनांचे स्वभावही इथेच उघडे पडतात.

अँड्रॉइडची जुनी पद्धत मुकी. ‘स्क्रोलव्ह्यू’च्या आत एकच चाइल्ड चालतो आणि त्याला ‘मॅच पॅरेंट’ म्हटलं तरी ते मनावर न घेता तो मजकुराएवढाच होतो. चूक झाल्याचं कुणी सांगत नाही. पडदा नुसताच विचित्र दिसतो. आत यादी टाकली तर आणखी गंमत: पूर्वीचा ‘लिस्टव्ह्यू’ ‘स्क्रोलव्ह्यू’मध्ये ठेवला की यादीतली एकच ओळ दिसायची. मग प्रत्येक ओळीची उंची मोजून बेरीज करायची आणि ती यादीला चिकटवायची, असा एक तुकडा प्रोग्रामर एकमेकांना वर्षानुवर्षं देत राहिले. चालायचा, पण ओळ दोन ओळींची झाली की बेरीज चुकायची.

‘फ्लटर’ हे ॲप बांधायचं दुसरं साधन उलट आरडाओरडा करतं. न सरकणाऱ्या कॉलममध्ये वरचाच फॉर्म बसवला तर बटण आणि तळाचा समास धरून ७२८ डीपी लागतात, जागा ६७२ची. मग पडद्याच्या तळाला पिवळे-काळे पट्टे येतात आणि ५६ पिक्सेल खालून ओसंडल्याचा निरोप येतो. यादी अमर्याद उंचीत ठेवली तर त्याहून मोठा गोंधळ. मला हा आरडाओरडा आवडतो, पण त्यात एक मेख आहे. हे पट्टे फक्त डेव्हलपरच्या बिल्डमध्ये दिसतात. रिलीज झालेल्या ॲपमध्ये पट्टे गायब, आणि ओसंडलेला भाग मुकाट कापलेला किंवा पडद्याबाहेर. पुण्यातल्या डेव्हलपरच्या मोठ्या फोनवर कधी पट्टे उमटलेच नाहीत, तर राजापूर तालुक्यातल्या पाचलच्या छोट्या फोनवर बटण गेलं हे त्याला कळायचं कसं? अँड्रॉइडचं नवं ‘जेटपॅक कंपोज’ २०२१ मध्ये पक्कं झालं. ते सगळ्यात कडक. सरकणाऱ्या कॉलममध्ये तशीच सरकणारी यादी अमर्याद उंचीने ठेवली तर ॲप तिथेच कोसळतं. क्रूर वाटेल, पण ती चूक ग्राहकापर्यंत पोचत नाही.

आयफोनची वाट सगळ्यात वळणाची आणि शेवटी सगळ्यात प्रामाणिक. ऑटो लेआउटमध्ये वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत नात्यांची साखळी अखंड असली तरच ‘स्क्रोलव्ह्यू’ला कागदाची लांबी कळते. मधली एक कडी सुटली की सरकणाऱ्या मजकुराचं माप संदिग्ध असल्याचा लाल इशारा येतो. नवख्यांना हा इशारा वर्षभर तरी छळतो. २०१७च्या आयओएस ११मध्ये ॲपलने दोन मोजपट्ट्याच वेगळ्या करून दिल्या: एक कागदाची, एक चौकटीची. रुंदी चौकटीला बांधा, उंची कागदावर सोडा. ज्या गोंधळातून सगळं सुरू झालं त्याला दोन नावं दिल्याबरोबर अर्धा गोंधळ मिटला. नंतरचं ‘स्विफ्टयूआय’ दिसायला सोपं, पण जागा पसरवणारा ‘स्पेसर’ स्क्रोलमध्ये गेला की आक्रसतो आणि ‘जॉमेट्री रीडर’ तिथे दहा पॉइंटांची उंची घेऊन बसतो. म्हणजे अनंताचा प्रश्न तसाच, उत्तर देण्याची तऱ्हा निराळी. फेसबुकने २०१५ मध्ये खुलं केलेलं ‘रिॲक्ट नेटिव्ह’सुद्धा चौकटीची शैली आणि आतल्या मजकुराची शैली वेगळी लिहायला लावतं; लोक दोन्ही एकाच ठिकाणी लिहितात आणि मग ‘स्क्रोल होतच नाही’ म्हणून बसतात.

इतकी साधनं, इतके स्वभाव. पण फॉर्मसाठी त्या सगळ्यांचं योग्य उत्तर फिरून एकच येतं. आतल्या मजकुराची उंची कमीत कमी खिडकीएवढी असावी आणि मजकूर लांबला तर त्याच्याएवढी व्हावी. दोन आकड्यांतला मोठा तो खरा. छोटा फॉर्म असेल तर बटण पडद्याच्या तळाशी शोभून दिसतं. मोठा असेल तर ते फॉर्मच्या शेवटी जातं. अँड्रॉइडवर यासाठी ‘फिल व्ह्यूपोर्ट’ नावाचा एक शब्द पुरतो. रिॲक्ट नेटिव्हमध्ये आतल्या मजकुराला ‘फ्लेक्स ग्रो’ १ द्यायचं. फ्लटरमध्ये खिडकीचं माप विचारून ती किमान उंची म्हणून घालायची, किंवा उरलेली जागा भरणारी ‘स्लिव्हर’ वापरायची. आयफोनवर कागदाची उंची चौकटीहून कमी नसावी एवढं एक नातं सांगायचं. वेबवर किमान उंची १०० टक्के खिडकीची. ज्याला ही ‘मोठा तो खरा’ची गोष्ट समजली त्याला साधन बदललं तरी अडत नाही. ज्याने ती न समजता कुठल्याशा उत्तरातून ६०० हा आकडा उचलून ठोकला, त्याला दर नव्या फोनला तो आकडा बदलावा लागतो.

वेबचं जरा वेगळं सांगायला हवं, कारण सरकारी कामं अजून बरीचशी ब्राउझरमध्येच होतात. तिथे खिडकीची उंचीसुद्धा स्थिर नसते. पत्त्याची पट्टी कधी दिसते, कधी सरकताना लपते. ‘१०० व्हीएच’ म्हणजे पट्टी लपलेली असतानाची पूर्ण उंची, त्यामुळे पट्टी दिसत असताना तळाचं बटण तिच्याएवढं खाली ढकललं जातं. बरीच वर्षं यावर जावास्क्रिप्टची ठिगळं होती. २०२२ मध्ये प्रमुख ब्राउझरांत लहान, मोठी आणि त्या क्षणाची अशी खिडकीची तीन वेगळी मापं आली आणि ठिगळांची गरज संपली. जुन्या पानांतली ठिगळं मात्र अजून जागेवर आहेत.

आता मराठीकडे येतो, कारण आपल्याकडचे बरेच पडदे इथे फाटतात. पडदा आखला जातो इंग्रजीत, त्यात मराठी ओतलं जातं शेवटच्या आठवड्यात. ‘सेव्ह’च्या जागी ‘माहिती जतन करा’ येतं, ‘इरिगेशन’च्या जागी ‘जलसिंचनाचे साधन’. रुंदी पुरत नाही, ओळ तुटते, दोन ओळी होतात; आणि रकान्याची उंची ५६ ठोकलेली असेल तर दुसरी ओळ कमरेत कापली जाते. राजापूर तालुक्यात भू नावाचं गाव आहे आणि देवाचे गोठणे नावाचंही, तेच कातळशिल्पांचं. दोन रकान्यांच्या मांडणीत पहिलं तीनदा मावेल, दुसरं ‘देवाचे गो…’ होऊन बसतं. भूवर चाचणी घेणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. म्हणून चाचणीला नेहमी तालुक्यातलं सगळ्यात लांब नाव घ्यावं.

लांबीपेक्षा उंचीचा मामला नाजूक. रोमन अक्षराला वर थोडी, खाली थोडी जागा लागते; देवनागरीला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. ‘वर्षीं’ लिहिलं की शिरोरेषेवर तीन गोष्टी दाटीवाटीने उभ्या राहतात. ‘सहस्रबुद्धे’ या आडनावात ‘बु’चा उकार आणि ‘द्ध’चा पाय खाली, मात्रा वर. कोकणात तर हे आडनाव खातेदारांच्या यादीत हमखास भेटतं. अँड्रॉइड अक्षरांच्या वर-खाली मुळात थोडी जास्तीची जागा सोडतं. डिझायनरच्या इंग्रजी आराखड्याशी तंतोतंत जुळावं म्हणून काही डेव्हलपर ती काढून टाकतात, आणि मग सहस्रबुद्ध्यांचे पाय आणि ‘वर्षीं’चा रफार कापला जातो. मुख्य फॉन्ट रोमनचा आणि देवनागरी पर्यायी फॉन्टमधून, बहुधा ‘नोटो सान्स देवनागरी’तून, उचललेली असेल तर पूर्वी ओळीची उंची रोमनच्याच मापाने ठरायची. २०१८च्या अँड्रॉइड ९पासून पर्यायी फॉन्टची उंचीही धरली जाऊ लागली. त्यापेक्षा सोपं म्हणजे दोन्ही लिप्या एकाच हाताने काढलेला फॉन्ट सुरुवातीपासून वापरायचा. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ तसा आहे आणि फुकट आहे.

वर अक्षर मोठं करणारे. पन्नाशीनंतर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षर वाढवून घेणं हे चाळिशीच्या चष्म्याइतकं सार्वत्रिक झालंय. १६चं अक्षर १.३ पट केलं की २०.८चं होतं. त्याने प्रत्येक रकाना बाराच डीपीने वाढला तरी नऊ रकान्यांत १०८ डीपी झाले, म्हणजे अंतरासकट दीड रकाना. २०२३च्या अँड्रॉइड १४मध्ये अक्षर दुप्पट करता येतं. आयफोनवर नेहमीच्या सात मापांवर आणखी पाच मोठी मापं आहेत. डिझायनरच्या सुबक पडद्याचा यात चेंदामेंदा होतो खरा, पण चेंदामेंदा व्हायचं कारण मोठं अक्षर नसून ठोकलेली उंची असते. उंची मजकुरावर सोडली असेल तर फॉर्म नुसता लांबतो.

भाषा आणि फोनची कुवत हे पडद्याच्या मापाचे मूळ आकडे आहेत, हे २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करून ठणकावून सांगितलं होतं. निकृष्ट फोन आणि पोषण ट्रॅकर ॲपमधली इंग्रजी, या दोन्ही तक्रारी त्या आंदोलनात होत्या. भाषांतर करून अर्धी तक्रार मिटते. त्या फोनवर, त्या अक्षराच्या मापात पडदा बसतो का, हे पाहिल्याशिवाय उरलेली अर्धी मिटत नाही.

याद्यांचं शास्त्र वेगळं. राजापूर तालुक्यात दोनशेहून अधिक गावं. गाव निवडायची यादी उघडली की पडद्यावर एका वेळी दहा-बारा ओळी दिसतात. मग दोनशे ओळी एकदम कशाला बांधायच्या? २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या ‘रीसायकलरव्ह्यू’ने हा विचार रुळवला: वर गेलेली ओळ टाकून द्यायची नाही, तीच पुसून खाली नव्या नावाने वापरायची. कंपोजमधली ‘लेझी कॉलम’, फ्लटरची ‘लिस्टव्ह्यू बिल्डर’, रिॲक्ट नेटिव्हची ‘फ्लॅटलिस्ट’ यांनाही दिसेल तेवढंच बांधायचं असतं. पण या यादीला खिडकीची उंची माहीत असावी लागते, नाहीतर किती ओळी पुरेशा हे तिला कळत नाही. डेव्हलपर ही यादी मोठ्या स्क्रोलच्या पोटात घालतो, चूक येते, आणि तो ‘श्रिंक रॅप’ किंवा ‘रॅप कंटेंट’ लावून मोकळा होतो. चूक जाते, यादी दिसते, आणि दोनशेच्या दोनशे ओळी एकदम बांधल्या जातात. दोन जीबी रॅमच्या फोनवर यादी उघडताना पडदा जो अडकतो तो बऱ्याचदा इथे. एका दिशेला एकच स्क्रोल, हा नियम म्हणूनच मोडू नये. यादीच्या वर शीर्षक हवं, खाली बटण हवं, तर ते यादीचेच पहिले-शेवटचे घटक करावेत. आणि इतक्या मोठ्या यादीला वर शोधायचा रकाना हवाच; ‘देवाचे’ एवढं टाइप केलं की काम झालं पाहिजे. ओल्या बोटांनी दोनशे गावं सरकवत बसणं ही शिक्षा आहे, कारण पडद्यावर पाण्याचे थेंब असले की फोनला सरकवणं आणि दाबणं यातला फरक कळेनासा होतो.

टाइप करायचं म्हटलं की कीबोर्ड आला. सुचवण्यांच्या पट्टीसकट तो २७० डीपीच्या आसपास जागा घेतो, म्हणजे ६७२तले जेमतेम चारशे उरतात. अँड्रॉइडवर इथे दोन मार्ग आहेत. खिडकी आखडायची, म्हणजे उरलेल्या जागेत स्क्रोल चालू राहतो. किंवा अख्खा पडदा वर ढकलायचा, म्हणजे चालू रकाना दिसतो पण वरचे पडद्याबाहेर जातात आणि खालचे कीबोर्डमागे राहतात. दुसरा मार्ग दिसायला ‘न मोडलेला’ म्हणून बरेच जण तो घेतात. घेऊ नये. फ्लटरवाल्यांची याहून वाईट सवय: कीबोर्ड उघडताच पिवळे-काळे पट्टे आले की कीबोर्डसाठी जागा सोडणारी सोयच बंद करायची. पट्टे जातात, सोबत शेवटचे तीन रकानेही जातात. उपाय एका ओळीचा असतो: न सरकणारा कॉलम सरकणाऱ्यात ठेवायचा.

अँड्रॉइड १५साठी बांधलेल्या ॲपांना आता पडद्याच्या कडेपासून कडेपर्यंत चित्र काढावंच लागतं, वरच्या-खालच्या पट्ट्यांच्या मागेसुद्धा. यादीची शेवटची ओळ त्यामुळे फोनच्या तळाच्या पट्टीखाली अडकते. तेवढा समास यादीच्या आतल्या बाजूला द्यायचा आणि सरकताना मजकूर त्या समासातूनही जाऊ द्यायचा, एवढं लक्षात ठेवलं की भागतं.

आडव्या स्क्रोलबद्दल फार लिहावंसं वाटत नाही, एक सातबारा सोडला तर. गाव नमुना बाराचा तक्ता इतक्या रकान्यांचा असतो, की तो उभ्या फोनवर मावणं शक्यच नाही. २०१८च्या वेब सुलभतेच्या निकषांत ३२० पिक्सेल रुंदीवर आडवं सरकवायला न लावता मजकूर वाचता आला पाहिजे असं म्हटलंय, पण तक्त्यांना त्यात सूट आहे. सूट असली तरी तक्ता जसाच्या तसा आडवा सरकवायला देण्यात शहाणपण नाही. पहिला रकाना जागेवर रोखून बाकीचे सरकवले तर निदान आपण कुठल्या ओळीवर आहोत हे कळतं. आणि मुळात शेतकऱ्याला तक्ता बघायचा नसतो, त्याला आपल्या गटात काय नोंद झाली तेवढं हवं असतं. ते एकाखाली एक लिहून द्यावं. तक्ता छापण्यापुरता ठेवावा.

राहिला वादाचा मुद्दा: बटण तळाला कायम चिकटवावं की फॉर्मसोबत सरकू द्यावं? चिकटवण्याची सध्या फॅशन आहे आणि खरेदीच्या ॲपांत ती शोभते. तिथे बटण कधीही दाबलं तरी चालतं. फॉर्ममध्ये मात्र चिकटलेलं बटण समासासकट ८० डीपी खातं. कीबोर्ड उघडल्यावरच्या चारशेतले ३२० उरले, म्हणजे साडेपाचाऐवजी चार रकाने. शिवाय खाली अजून रकाने आहेत हे न कळताच माणूस बटण दाबतो आणि लाल अक्षरांत चुका वाचत बसतो. फॉर्मचं बटण फॉर्मच्या शेवटीच असावं, असं माझं मत आहे, आणि खोटा तळ टाळायला वर ‘९ पैकी ७ भरले’ अशी एक ओळ ठेवावी. फॉर्मचे तीन पडदे करणं हा तिसरा पर्याय चांगला आहे, पण प्रत्येक ‘पुढे’ला सर्व्हरची वाट पाहावी लागत नसेल तरच. कोकणच्या पावसाळ्यात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. अशा वेळी एकच लांब पडदा आणि फोनमध्येच जपून ठेवलेली माहिती, हे तीन सुंदर पडद्यांपेक्षा जास्त उपयोगी.

ॲप लिहिणाऱ्यांना, विशेषतः पुण्या-मुंबईत बसून गावासाठी लिहिणाऱ्यांना, एवढीच विनंती. रिलीजच्या आदल्या दिवशी ३६० बाय ६४०चा पडदा घ्या, भाषा मराठी करा, अक्षर १.३ पट करा, नावाच्या रकान्यात ‘सहस्रबुद्धे’ आणि गावाच्या रकान्यात ‘देवाचे गोठणे’ लिहा, कीबोर्ड उघडा ठेवा आणि मग बटणापर्यंत पोचून दाखवा. एमुलेटरवर याला पाच मिनिटं लागतात. आणि फॉर्म भरणाऱ्यांनो, बटण दिसलं नाही तर आधी पडद्याच्या मध्यावर बोट ठेवून वर सरकवून बघा. तरी नाही दिसलं तर स्क्रीनशॉट काढून, फोनचं मॉडेल आणि अक्षराचं माप लिहून ॲपवाल्यांना पाठवा. ‘ॲप चालत नाही’ एवढ्यावरून कुणाला काही दुरुस्त करता येत नाही.